बझरचा प्लग काढून ठेवणाऱ्यास



तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही ऑकलंडमधल्या एखाद्या पॅनेलबीटरकडे, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याकडे, कामाला असाल, गाडीचे आधीचे मालक असाल, नाहीतर विक्रीआधी गाडी चकाचक करून देणाऱ्यांपैकी असाल. तुमचं काम मात्र मी नीट पाहिलं आहे. माझ्या गाडीच्या डिकीत डाव्या बाजूचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं की आत एक काळी डबी दिसते. मागच्या बंपरमधल्या चारही पार्किंग सेन्सरच्या वायरी तिथे येतात आणि तिथून एक वायर बझरकडे जाते. ती तुम्ही तोडली नव्हती. प्लग अलगद उपसला, त्याच्या तोंडावर इन्सुलेशन टेप गुंडाळली, तो खडखडू नये म्हणून शेजारच्या वायरींच्या जुडग्याला बांधला आणि एकही क्लिप न मोडता आवरण परत बसवलं. इतकं सफाईचं काम करणारा माणूस अडाणी नसतो. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरतं कळत असतं. म्हणूनच हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

गाडी जपानहून आलेली, वापरलेली. न्यूझीलंडमध्ये यात नवल काही नाही. इथले मोटारी जोडण्याचे शेवटचे कारखाने १९९८ साली बंद झाले, आणि आमच्यासारखी कितीतरी नोकरदार कुटुंबं जपानमध्ये आधी कुणीतरी चालवलेल्या गाड्या घेतात. चावी फिरवली की आतली बाई अजूनही जपानीत सांगते की टोलचं कार्ड घातलेलं नाही. तिचा इथे कुणालाच उपयोग नाही, तरी तिला कुणी गप्प केलं नाही. ज्याचा उपयोग होता तो आवाज तुम्ही नेमका निवडून बंद केलात.

बंपरवर चार गोल सेन्सर व्यवस्थित दिसत होते. रंग नवा, चमक उत्तम. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘मागे पार्किंग सेन्सर’ असं लिहिलेलंही होतं. गाडी घरी आणली त्याच आठवड्यात चाकांचा कचऱ्याचा डबा मागे उभा करून आम्ही चाचणी घेतली. रिव्हर्स टाकला, हळूहळू मागे आलो. डबा हाताच्या अंतरावर आला, तरी गाडीतून चकार आवाज नाही.

पुढचं निदान आमच्या भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने केलं. फिजीहून आलेला, मितभाषी माणूस. तुमच्या कामाची उलटतपासणी त्याने कशी केली हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा तुम्हालाही करता आला असता. त्यासाठी लागणारी हत्यारं तुमच्या हातात होती, हे तुम्ही काढलेल्या आवरणावरूनच दिसतं.

त्याने आधी इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केलं, हँडब्रेक ओढला, रिव्हर्स टाकला आणि प्रत्येक सेन्सरला कान लावला. सेन्सर सोडतो तो ध्वनी साधारण ४० ते ५० किलोहर्ट्‌झचा असतो. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्‌झच्या आसपास, त्यामुळे तो आपल्याला ऐकू येत नाही. पण प्रत्येक स्पंदनाबरोबर पातळ पडद्याची हलकी टिकटिक होते, ती शांत जागी कानाला कळते आणि बोटाच्या टोकालाही जाणवते. चारही सेन्सर टिकटिकत होते. म्हणजे वीज पोचत होती आणि डबी जिवंत होती. फक्त बोलायला तोंड नव्हतं. मग डिकीचं आवरण निघालं आणि तुमची टेप सापडली.

प्लग परत लावताच बझर बोंबलायला लागला. मागे मोकळं अंगण, चार-पाच मीटरपर्यंत काही नाही, आणि तरीही अखंड सूर. तुम्हाला हाच सूर ऐकू आला असणार. इथपर्यंत तुमची नि त्याची वाट एकच होती. त्याने काय केलं पाहा. डबीपाशी एकेका सेन्सरचा प्लग काढत गेला. तिसरा निघाला तेव्हा सूर थांबला. मग त्याने तिसऱ्या आणि चौथ्या सेन्सरच्या जागा आपापसांत बदलल्या. बिघाड सेन्सरबरोबर दुसऱ्या खाचेत गेला. याचा अर्थ डबी निर्दोष. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. एवढ्या निष्कर्षाला ना कॉम्प्युटर लागला, ना महागडा स्कॅनर. कपभर चहा होईल एवढ्या वेळात तो झाला.

बंपर उतरवल्यावर सगळं उघड झालं. गाडीला कधीतरी मागून ठोकर बसली होती. बंपरवर पुट्टी भरून, घासून, वर रंग मारला होता; पण सेन्सर न काढता, जागच्या जागी. तिसऱ्या सेन्सरच्या कडेची फट पुट्टीने भरून गेली होती आणि त्याच्या तोंडावर रंगाचे थरावर थर होते. सेन्सरभोवती सिलिकॉनची मऊ कडी असते, तीही रंगाने दगडासारखी घट्ट झाली होती. मागच्या बाजूला प्लगमधलं तांबं हिरवं पडलेलं. वापरताना कुणी तरी टो-बारला बोटीचा ट्रेलर लावून मागचं टोक समुद्राच्या पाण्याजवळ नेलं असावं. इथे बऱ्याच घरांत बोट असते आणि खारं पाणी वायरींना सोडत नाही.

ती कडी कशासाठी असते हे रंगाची बंदूक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. सेन्सरच्या आत सिरॅमिकची एक चकती ॲल्युमिनियमच्या पातळ पडद्याला चिकटवलेली असते. तीच बोलते आणि तीच ऐकते. विजेचा झटका मिळाला की थरथरते, ध्वनी सोडते, मग स्वतःची थरथर थांबवून प्रतिध्वनीची वाट पाहते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचे सहा हजारांश भाग लागतात. म्हणून चकतीने हजारांश सेकंदाच्या आसपास शांत व्हायलाच हवं. कारखान्यात गाडीवर रंगाचा सगळा मिळून थर साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. त्याच्या कितीतरी पट जाड थर पडद्यावर बसला की पडदा जड होतो आणि त्याची थरथर लवकर विझत नाही. सिलिकॉनची कडी घट्ट झाली की सगळा बंपरच त्याच्याबरोबर गुणगुणायला लागतो. ती उरलेली थरथर डबीला प्रतिध्वनी वाटते. हजारांश सेकंदाला आलेला प्रतिध्वनी म्हणजे सतरा सेंटीमीटरवर काहीतरी उभं आहे, असा तिचा हिशेब. म्हणून तो अखंड सूर. बझर खोटं बोलत नव्हता. त्याला जे कळवलं गेलं ते तो इमानाने सांगत होता.

हे रंगकाम तुमचं होतं की दुसऱ्या कुणाचं, मला ठाऊक नाही. ते वाईट होतं, पण त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. घाईत, अज्ञानात, मजुरी वाचवायला माणसं वाईट काम करतात. वाईट काम दुरुस्त होतं. प्लग काढणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे तुमच्यासमोर एक यंत्र ओरडून सांगत होतं की माझ्यात बिघाड आहे. तुम्ही बिघाड तसाच ठेवलात आणि सांगणाऱ्याचं तोंड बांधलंत. शिवाय चारही सेन्सर बंपरवर दिमाखात राहू दिलेत. ते दिसावेत, विकताना मोजले जावेत, ही तुमची सोय होती. तिसरा सेन्सर बिघडला होता. पहिला, दुसरा आणि चौथा ठणठणीत होते. त्या तिघांचंही तोंड तुम्ही बंद केलंत.

तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतं आहे. ‘अहो बाई, ती नुसती पार्किंगची सोय आहे. ब्रेक नाही, एअरबॅग नाही. वॉरंट ऑफ फिटनेस या सक्तीच्या तपासणीतसुद्धा ती बघत नाहीत.’ हे खरं आहे. वॉरंट देणारा टायरवर दीड मिलिमीटर खोल नक्षी उरली आहे का ते मोजतो, ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, गंज पाहतो. पार्किंग सेन्सर त्याच्या यादीत नाहीत. तुमचं काम त्याच्या नजरेखालून सहीसलामत गेलं. त्याने तुम्ही निर्दोष ठरत नाही. तुम्हाला कुणी पकडणार नव्हतं, एवढंच ठरतं.

आणि हेही मान्य करते की चांगला सेन्सरही फार भरवशाचा राखणदार नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००६ च्या सुमारास सेन्सर तपासले, तेव्हा लहान मुलं ओळखण्यात ते कच्चे निघाले. भिंत आवाज सरळ परत फेकते. लोकरी कपड्यातलं छोटं, गोल, हलतं अंग तो शोषून घेतं आणि आजूबाजूला विखुरतं. म्हणून त्या देशाने कॅमेऱ्याचा आग्रह धरला. त्यामागे कॅमेरॉन गुलब्रॅन्सन या दोन वर्षांच्या मुलाचं नाव आहे. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वडील घरासमोर गाडी मागे घेत असताना तो चाकाखाली आला. वडील लहान मुलांचे डॉक्टर. त्याच्या नावाचा कायदा २००८ साली झाला आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. भारताने १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे केले. माझ्या पुण्यातल्या भावाच्या साध्या छोट्या गाडीत ते वाजतात. माझ्या गाडीत ते असूनही तुम्ही वाजू दिले नाहीत.

राखणदार अधू आहे म्हणून त्याला गप्प करायचं, हे मला पटत नाही. ज्या गाडीला सेन्सरच नाही, तिचा चालक मान वळवतो, उतरून बघतो, कुणाला तरी मागे उभं करतो. पुण्यात आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका गाडीमागे उभे राहून बंपरवर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या… बास!’ म्हणायचे. सेन्सर तेच काम करतो. काका तिथे नसतील तर ते चालकाला दिसतं; काका उभे आहेत, पण त्यांच्या तोंडावर टेप लावली आहे, हे चालकाला दिसत नाही. त्याला शांतता ऐकू येते, आणि शांततेचा अर्थ तो ‘येऊ द्या’ असाच घेतो. माझ्या आधी ही गाडी ज्यांनी चालवून पाहिली, आणि माझ्यानंतर जे चालवणार होते, त्या प्रत्येकाला तुम्ही हा चुकीचा निरोप देऊन ठेवला होता.

आता तुम्ही तो कुठे देऊन ठेवला होता हेही ऐका. ऑकलंडमध्ये जुन्या मोठ्या प्लॉटचे तुकडे पडत गेले, पुढच्या घरामागे दुसरं, त्यामागे तिसरं घर आलं, आणि सगळ्यांसाठी कडेने जाणारा एकच लांब ड्राइव्ह-वे. आमचाही तसाच आहे. हिरवळ उरलेली नाही, म्हणून तीन घरांची मुलं त्या काँक्रीटवरच खेळतात. टोंगन शेजाऱ्यांची दोघं स्कूटर फिरवतात, माझी भाची खडूने घरं आखते आणि मध्येच बसून रंगवत राहते. बसलेली असताना तिचं डोकं बंपरच्या खाली येतं. मागच्या काचेतून ती दिसणं शक्य नाही.

या देशात हे दुखणं जुनं आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सेफकिड्स आओटेआरोआ या संस्थेने २०१० नंतरच्या दशकात वारंवार सांगितलेला आकडा असा, की घराच्या ड्राइव्ह-वेवर गाडीखाली सापडून सरासरी दर दोन आठवड्यांना एक मूल गंभीर जखमी होऊन रुग्णालयात दाखल होतं, आणि वर्षाला सुमारे पाच मुलं दगावतात. पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात. सापडणारी मुलं बहुधा दोन वर्षांच्या आगेमागे, नुकती धावायला शिकलेली. गाडी चालवणारा बहुतेक वेळा आई, बाप, आजोबा, काका. वेग चालण्याइतका. लांब ड्राइव्ह-वे, अनेक घरांत वाटलेला ड्राइव्ह-वे, खेळायची जागा आणि गाडीची वाट यांच्यात कुंपण नसणं, ही धोक्याची कारणं स्टारशिप या मुलांच्या रुग्णालयाच्या आणि सेफकिड्सच्या लोकांनी पुन्हा पुन्हा मांडली. सरकारी घरांच्या आवारात अशी कुंपणं घालायचं काम हाउसिंग न्यूझीलंडने हाती घेतलं. गाडीभोवती फिरून बघा, मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात असू द्या, खेळ आणि गाडी वेगळे ठेवा, हे सांगत कार्यकर्ते घरोघर गेले. इतक्या माणसांनी इतकी वर्षं जी भिंत विटेविटेने रचली, तिच्यातली एक वीट तुम्ही काढून घेतलीत आणि त्या जागी वीट असल्याचं चित्र रंगवलंत.

आमच्या अंगणात काही घडलं नाही. त्याचं श्रेय तुम्हाला जात नाही.

दुरुस्तीला काय लागलं, तेही सांगते. त्याच कोनाचा, त्याच जातीचा नवा सेन्सर. बंपरच्या मधल्या आणि टोकाच्या सेन्सरचे कोन वेगळे असतात, म्हणून कुठलाही उचलून चालत नाही. तो बंपरबाहेर वेगळा ठेवून, पातळ फवाऱ्यात रंगवला आणि पुरता वाळू दिला. नवी सिलिकॉनची कडी. हिरवी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापली, डाग दिला, वर आतून गोंद असलेली श्रिंक नळी चढवली, म्हणजे पाणी शिरणार नाही. सेन्सरच्या पाठीवरचा बाण वरच्या दिशेला ठेवून तो बसवला, नाहीतर जमिनीलाच अडथळा समजून तो ओरडतो. शेवटी हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचा, मीटरभर उंच प्लॅस्टिकचा पाइप बंपरमागे वेगवेगळ्या जागी उभा करून चारही सेन्सर तपासले. आता गाडी बोलते. तरीही मी उतरून मागे बघते आणि घरातल्या प्रत्येकाला बघायला लावते.

पैशांचा प्रश्न विक्रेत्याबरोबर सुटेल. १९९३ चा ग्राहक हमी कायदा विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असावी असं सांगतो, गाड्यांच्या तक्रारींसाठी वेगळं मोटार वाहन न्यायाधिकरण आहे, आणि त्या दिशेने पत्रव्यवहार चालू आहे. त्याच कायद्याने दुरुस्ती करणाऱ्यावरही वाजवी काळजी आणि कौशल्य दाखवण्याची जबाबदारी टाकली आहे. तुम्ही कौशल्य दाखवलंत. काळजी तेवढी वगळलीत.

गिऱ्हाइकाकडे दुरुस्तीचे पैसे नव्हते, गाडी दुसऱ्या दिवशी लिलावाला जायची होती, मालक डोक्यावर उभा होता, असं काही कारण असेलही. तरीसुद्धा सरळ वाट होती. बिघडलेला सेन्सर काढून भोकाला टोपण लावा. दुरुस्ती जमणारच नसेल तर चारही काढा, चारही भोकं बुजवा आणि बिलावर ‘पार्किंग सेन्सर बंद केले आहेत’ एवढी ओळ लिहा. ती ओळ वाचून पुढच्या माणसाने मान वळवली असती. दोन वर्षांचं मूल मागे असताना गाडी मागे घेणाऱ्याला तेवढी ओळ पुरेशी असते.

तुमच्या हाताची सफाई पाहता हा प्लग तुमचा पहिला नसावा असा माझा अंदाज आहे. म्हणून मागणी एकच आहे. ज्या ज्या गाड्यांचे बझर तुम्ही असे काढून ठेवले असतील, त्यांच्या नोंदी तुमच्याकडे असतील. नसतील तर आठवा. त्या मालकांना फोन करा. तुमचं नाव सांगू नका हवं तर, मला ते नको आहे. एवढंच सांगा की डिकीच्या डाव्या आवरणामागे, वायरींच्या जुडग्याला बांधलेला, टेप गुंडाळलेला एक प्लग आहे, आणि तो लावेपर्यंत मागच्या सेन्सरवर विसंबू नका. हे फोन शाळा सुटायच्या आत करा. दुपारी तीननंतर ऑकलंडच्या ड्राइव्ह-वेंवर मुलं असतात.

तुम्ही गप्प केलेल्या गाडीची सध्याची मालकीण,
ऑकलंड